थोरलीचे डोळे

बा, तू माझं बोट मोडलंस त्या दिवशी डोणगावचा बाजार होता की नव्हता, यावर मायचं आणि माझं शेवटपर्यंत एकमत झालं नाही. माय म्हणायची बाजार होता, वाटेत गाडगी फुटली, म्हणून तू तापूनच घरी आला होतास. तुझ्यासाठी तिच्याकडे नेहमी एखादं कारण तयार असायचं. मी म्हणते नव्हता. तू दिवसभर घरीच होतास, पोटभर जेवला होतास, वरून पान खाल्लं होतंस, आणि तुझं कोणी काही बिघडवलेलं नव्हतं. मी बारा वर्षांची होते. समोर महालक्ष्मीचा मुखोटा होता. तू म्हणालास, "लिव." मी डावा डोळा लिहिला. उजवा लिहिताना कुंचला घसरला आणि काजळाची रेघ थेट कानाकडे गेली. तू माझा हात उचलून पाटावर ठेवलास, अगदी सावकाश, आणि मडकं बडवायच्या लाकडी थापीनं एकच ठोका दिलास. अंगठ्याशेजारचं बोट. वाळल्या पऱ्हाटीची काडी मोडावी तसा आवाज आला. मग तो मुखोटा भिंतीवर फेकलास आणि म्हणालास, "नासलं." बोटाबद्दल म्हणालास की मुखोट्याबद्दल, ते मी विचारलं नाही.

आता मी सत्तरी ओलांडली आहे. तुला जाऊन चाळीस वर्षं होत आली. मेहकरात बसस्टँडच्या मागं माझी पत्र्याची शेड आहे, तिथं मी गणपती करते, महालक्ष्म्यांचे मुखोटे करते, आणि लोक जुने मुखोटे रंगवायला आणतात तेही करते. लिहायला-वाचायला मी लग्नानंतर शिकले, नवऱ्यानं शिकवलं, तो शाळेत शिपाई होता. तुला अक्षर येत नव्हतं, म्हणून हे लिहिताना मोकळं वाटतं. मधेच उठून "खोटं बोलून राह्यली पोट्टी" म्हणणारं कोणी नाही. आणि म्हणालास तरी आता मी ऐकणार नाही.

आपल्या घरात डोळे काढत नसत, डोळे लिहीत. आज्यापासूनची बोली. आणि आज्यापासूनचाच नियम, की डोळे लिहीपर्यंत ती माती, तिला तुडवा, फोडा, शिव्या द्या, काही दोष नाही. दोन्ही डोळे लिहिले की देवी. मग तिच्यासमोर शिवी द्यायची नाही, हात उगारायचा नाही, तिच्या घरची बाई येऊन तिला ओटीत घेऊन जाईपर्यंत. बाकी तू कशाला भीत नव्हतास, पण हा नियम तू पाळायचास. म्हणूनच की काय, सगळ्या मुखोट्यांचे डोळे तू शेवटच्या दिवशी एकदम लिहायचास. बारा-पंधरा जोड्या ओळीनं ओसरीवर मांडलेल्या, आणि घर एकदम थंड. त्या दिवशी माय नवं लुगडं नेसायची. माझ्या केसांना तेल लावता लावता म्हणायची, "आज देव्या हायेत घरात, बस आरामशीर." आणि खरंच हसायची. सणाच्या तीन दिवसांचं मला काही नव्हतं. माझा सण तो एक दिवस होता. दुसऱ्या दिवशी बाया येऊन मुखोटे घेऊन जायच्या, आणि शेवटची बाई दाराबाहेर पडली की माय पदर खोचून घ्यायची.

बोट वाकडंच जुळलं. त्याचं मला फार वाटलं नाही, वाकड्या बोटानं माती चांगली दाबता येते. पण कुंचला हातात आला की मनगट आखडायचं. मानेवर गार घाम यायचा. एकदा तर बा, बसल्या जागी परकर ओला झाला आणि मी तो मातीच्या पाण्यानं भिजला असं सांगितलं. दर साली भादव्यात तू काजळाची वाटी पुढं सरकवायचास, "लिव." मी बसून राहायचे. मग मार. चुकलं तरी मार, नाही लिहिलं तरी मार. मी मनाशी ठरवलं की न लिहिता खाल्लेला मार बरा. चुकून खाल्लेला मार आपला असतो, रात्रंदिवस छातीवर बसतो. न लिहिता खाल्लेला मार नुसता तुझा. असं मी चार वर्षं केलं. साच्यात माती दाबणं माझ्याकडे, नाकाचं टोक माझ्याकडे, नथीचं भोक, कानाच्या पाळ्या, ओठांची कड, सगळं माझ्याकडे. डोळ्यांच्या जागी दोन गुळगुळीत खळगे सोडून मी मुखोटा तुझ्यापुढं ठेवायचे. शेजारची म्हातारी म्हणायची, "तुह्या बापाचा अर्धा धंदा तर तूच करतं." तेवढ्यावर तू मला दिवसभर उपाशी ठेवलंस.

मग ते वर्ष आलं. मी सोळाची. महाराष्ट्राचं राज्य होऊन काही वर्षं झाली होती, गावात एसटी यायला लागली होती, आणि माझं लग्न ठरलं होतं, दिवाळी झाली की बार उडवायचा. पोळा पाच-सहा दिवसांवर होता तेव्हा पाटलीणबाई स्वतः गाडी जुंपवून आपल्या दारी आल्या. एवढी मोठी बाई कुंभारवाड्यात! माय तर गडबडून उलट्या घडीचं घोंगडं टाकून मोकळी झाली. बाईंच्या मांडीवर लुगड्यात गुंडाळलेली धाकटी महालक्ष्मी होती, आणि थोरली होती टोपलीत, सात तुकड्यांत. म्हणाल्या, मांजरीनं फडताळावरून पाडली. बोलताना पदर डाव्या गालावर धरलेला. बाईंना आत पाणी द्यायला मी वाकले तेव्हा पदराखालचं मला दिसलं, निळं-काळं. मांजरीची खरी गोष्ट मग गाडीवाल्यानंच मायला दाराशी सांगितली. पाटलानं बायकोच्या गालावर हाणलं, वर तांब्या फेकला, बाई खाली वाकली, आणि तांब्या लागला थोरलीच्या तोंडाला.

हे मुखोटे बाईंच्या माहेरचे, जालन्याकडचे. लांबट चेहरा, बारीक जिवणी, हनुवटीला खळी. आपल्या साच्याचा चेहरा गोल, गालफुगा. बाई म्हणाल्या, "मला नवी जोडी नको. ही धाकटी माझ्या आईच्या हातची आहे. हिची बहीण पाहिजे. दोघी शेजारी बसल्या तर बहिणी वाटल्या पाहिजेत." तू लगेच मान डोलावलीस. "होऊन जाईल ना बाई. त्यात काय लागते." बा, त्यात काय लागतं ते तुला माहीत होतं आणि मलाही. तू उभ्या जन्मात साच्याशिवाय एक चेहरा केला नव्हतास. तो साचा आज्यानं केला होता. तू त्यात माती दाबलीस, मग तुझ्याऐवजी ती मी दाबली, आणि गावभर लोक तुला कारागीर म्हणत होते. पण पाटलाच्या घराला नाही म्हणायची तुझी छाती झाली नाही.

पुढचे दिवस असे गेले. तू धाकटीला गुडघ्यांत धरून बसायचास आणि समोरच्या ओल्या गोळ्यातून तिची बहीण काढायला बघायचास. पहिली झाली ती तिच्यासारखी दिसेना. भिंतीवर. दुसरीचं नाक बसेना. तुडवली. तिसरी तर चक्क सोनाराच्या म्हातारीसारखी झाली, आणि मायला हसू फुटलं. बिचारीनं तोंडात पदर कोंबला, पण तू पाहिलंस. तिला केसांनी धरून तू अंगणातून आळ्यापर्यंत ओढत नेलंस, जिथं आपण माती भिजत घालायचो, आणि तोंड त्या चिखलात दाबलंस. मी तुझ्या पाठीवर बुक्क्या मारत होते. तुला लागत तरी होत्या का? गाढव मधे आलं तर त्याला काठीनं इतकं झोडपलंस की ते दोन दिवस मागच्या पायावर उभं राहिना. चौथा चेहरा तू केलास आणि कितीतरी वेळ नुसता बघत बसलास. तुझे हात मांडीवर होते आणि ते कापत होते. तेव्हा मला कळलं, बा. माझं मनगट आखडतं तेच हे. तुझ्याही मानेवर गार घाम होता. मला तुझी दया आली पाहिजे होती. आली नाही. मला असा संताप आला की डोळ्यांपुढं अंधारी आली. हा माणूस स्वतः भितो, आणि आपली भीती आमच्या हाडांवर मोडतो!

त्याच दुपारी मी रचलेल्या गोवऱ्यांच्या हुडव्याआड बसून माती घेतली. कापूस कुटून घातलेली, मुखोट्याची. तुझी नजर पडेल म्हणून मी धाकटीला कधी हातात घेतलं नाही. तुला पाणी द्यायला आले की बघायचे, भाकरी वाढायला आले की बघायचे, आणि जाऊन तेवढंच करायचे. कधी भुवई, कधी एका गालाचं हाड. वाकडं बोट डोळ्याच्या खळग्यात असं बसायचं की दुसरं काही लागू नये. तीन दिवसांत चेहरा झाला. भीती? होती की. पण डोळे लिहायचे नव्हते, आणि चेहरा कोणाला दाखवायचाच नव्हता, म्हणून हात चालत होता. न दाखवता सगळेच शूर असतात. सावलीत वाळवला. तू रांजण भाजायचा आवा लावलास त्या दिवशी मी तो चिंध्यांत गुंडाळून मधल्या रांजणात सोडला. आवा दोन दिवस धुमसत होता. तडकला असता तर सुटले असते, असंही वाटायचं. आवा उघडला तेव्हा सगळ्यात आधी मी राखेत हात घातला. कोपरापर्यंत भाजलं. चेहरा अख्खा निघाला. हुडव्याआड बसून मी त्याला पिवडीच्या पिवळ्या रंगाचा हात दिला, ओठ लाल केले, आणि डोळ्यांची जागा कोरी ठेवून गोवऱ्यांत लपवला. का लपवला, पुढं काय करणार होते, देव जाणे.

महालक्ष्म्या बसायला एक दिवस उरला होता. तू बाकीच्या सगळ्या जोड्या डोळे लिहायला म्हणून ओसरीवर मांडल्या होत्यास, वाटीत काजळ आणि बाभळीचा डिंक कालवून ठेवलेला. एकाचाही डोळा अजून लिहिला नव्हता. पाटलाची थोरली तुझ्याकडून झालीच नव्हती, आणि दुपारनंतर बाई यायच्या होत्या. तू मायला काहीतरी म्हणालास, तिचं लक्ष नव्हतं, तर गोवरी उचलून फेकायला म्हणून तू हुडव्याकडे गेलास. आणि गोवरी ओढताना चेहरा तुझ्या हातात आला.

मी ओसरीवरून बघत होते. तू तो दोन्ही हातांत धरलास. बराच वेळ. तुझ्या तोंडावरचं सगळं ढिलं पडलं, लहान लेकराचं पडतं तसं. तुला बहीण दिसली होती, बा. धाकटीची बहीण. चांगलं झालेलं तुला दिसलं होतं, ते तू मला कधी सांगितलं नाहीस तरी मी पाहिलं. आणि मग तुझा चेहरा परत आवळला.

"कोनं केलं हे?"

"म्या."

"तुले कोनं सांगतलं होतं?"

"कोनीच नाही."

तू मुखोटा अंगणात दगडावर ठेवलास आणि थापी आणायला वळलास. माय मधे आली. आयुष्यात पहिल्यांदा ती अशी मधे आली. "अवो, राहू द्या ना जी. चांगलं झालं हाये थे. पाटलीन येऊन राह्यली, देऊन टाकू." तू म्हणालास, "चांगलं? तुले लय समजते?" आणि थापीचा फटका तिच्या तोंडावर दिलास. ती खाली बसली. तोंडाला हात लावला, हात बघितला, आणि दात थुंकली. दोन होते. रक्त हनुवटीवरून लुगड्यावर. ती रडली नाही. तुझ्याकडे बघतही नव्हती, ती माझ्याकडे बघत होती.

बा, पुढचं मी ठरवून केलं नाही. ओसरीवरची वाटी माझ्या हातात होती, कुंचला होता, आणि मी अंगणात मांडी घालून मुखोटा मांडीवर घेऊन बसले होते. तू ओरडलास, "खबरदार पोट्टे! हात लावशीन तं हात मोडीन!" मोड. एक बोट तर मोडलेलंच आहे. मी डावा डोळा लिहिला. वरची कड, खालची कड, बुबुळ. इतका सरळ गेला की मलाच नवल वाटलं. मनगट आखडलेलं होतं, घाम होता, सगळं होतं. भीती कुठं गेली नव्हती. फक्त तिचं ऐकायला त्या वेळी मला सवड नव्हती.

पण एका डोळ्यानं देवी होत नाही. तुलाही ते ठाऊक होतं. तू धावत आलास आणि थापी माझ्या खांद्यावर बसली. मी मुखोट्यासकट वाकले, पण त्याला खाली टेकू दिलं नाही. दुसरी पाठीवर बसली तेव्हा कुंचला उजव्या डोळ्याच्या वरच्या कडेवर होता. रेघ भुवईकडे चढली. तशीच चढू दिली. तिथूनच वळवून खाली आणली, बुबुळ भरलं, आणि मुखोटा उचलून तुझ्या तोंडासमोर धरला.

तुझी थापी वर होती. वरच राहिली. मी तुझे डोळे बघत होते आणि ते माझ्याकडे नव्हते, ते तिच्याकडे होते. तेवढ्यात माय उठली. रक्तानं माखलेल्या तोंडानं आत गेली, कुंकवाचा करंडा घेऊन आली, थोरलीच्या कपाळाला बोट लावलं, हळद लावली, आणि तुझ्यापुढं उभी राहिली. दात नव्हते म्हणून शब्द फुसके येत होते.

"आता मारा. मारा ना. थोरलीसमोर मारा."

तू थापी खाली ठेवलीस. वहाणा न घालता बाहेर गेलास आणि विहिरीच्या काठावर जाऊन बसलास. मला वाटलं उडी मारतोस की काय. खरं सांगते, मी उठले नाही. माय मात्र गेली, तांब्या घेऊन, तुला पाणी द्यायला.

पाटलीणबाई आल्या तेव्हा तू परत आला होतास, तोंड धुऊन. बाईंनी लुगडं सोडलं, धाकटी काढली, आणि दोघींना घोंगडीवर शेजारी शेजारी ठेवलं. मी खांबाआड उभी. खांदा इतका सुजला होता की चोळीची बाही काचत होती.  बाईंनी एकदा इकडून बघितलं, एकदा तिकडून. मग म्हणाल्या, "हिचा उजवा डोळा वर चढलाय." तू त्याच घटकेला म्हणालास, "पोट्टीनं केलं बाई. म्या नाही." बा, असं म्हणालास तू. मार खाऊन दुखलं नव्हतं तेवढं मला ते दुखलं. बाई म्हणाल्या, "राग आलाय हिला." मला वाटलं आता परत करतील, म्हणतील दुसरी करा, आणि मग बाई गेल्यावर तू माझी हाडं मोजशील. बाईंनी पदर गालावरून काढला. सगळ्यांसमोर काढला, गाडीवाला दारात होता तरी. म्हणाल्या, "राहू दे तसाच. आमच्या घरात एकीला तरी राग येऊ दे." आणि थोरलीला ओटीत घेऊन गेल्या.

ही गोष्ट मी कोणाला सांगितली की लोक विचारतात, मग पाटील सुधारला का, बाप सुधारला का? काय बोलावं यांना! पाटलाचं मला माहीत नाही. तू तिसऱ्याच दिवशी मला बेसनात मीठ जास्त झालं म्हणून मारलंस. पण मातीवरून कधी मारलं नाहीस, एवढं मात्र झालं. पुढच्या साली मी सासरहून आले तर वाटी माझ्यापुढं ठेवून तू नदीकडे निघून गेलास. पुढं दर साली तेच. गावात बाया विचारत यायच्या, पोरीच्या हातची जोडी आहे का, आणि तू साच्याचीच पुढं करायचास. मी लिहिलेले डोळे तू माझ्यासमोर कधी बघितले नाहीस. एका पावसाळ्यात ताप आला, तीन दिवसांत गेलास. मायनं दहाव्यानंतर तुझी थापी आव्यात टाकली. तिनं ती स्वतः, दोन्ही हातांनी, मधोमध ठेवली.

मला वाटलं होतं, तू गेलास की भीती जाईल. कशाची जाते! इतकी वर्षं झाली, शेकडो जोड्या झाल्या, तरी कुंचला डोळ्याजवळ गेला की मनगट आखडतंच. मग मी काय करायचे? डोळे मिटायचे आणि तुला बोलवायचे. ये म्हणायचे, हाण. मायचे दात आठवायचे, चिखलातलं तोंड आठवायचं, "म्या नाही" आठवायचं. राग कानशिलापर्यंत चढला की डोळे उघडायचे आणि लिहायचं. गिऱ्हाईक म्हणतात, मावशी डोळे मिटून देवीचं नाव घेते बघा. कसलं नाव! मी तुला आईबहिणीवरून शिव्या देते. माझ्या सगळ्या देव्या शिव्यांवर उभ्या आहेत, आणि लोक त्यांना पुरणाचा नैवेद्य दाखवतात. एवढा राग घरात ठेवला की तो कुंचल्यापुरता राहत नाही, हेही मला कळलं. माझी लेक आठ वर्षांची असताना तिनं ओल्या मुखोट्याला बोट लावलं आणि मी तिच्या हातावर फळी मारली. आणि म्हटलं, "नासलं." माझ्याच तोंडून. ती परत कधी मातीला शिवली नाही. बुलढाण्याला नर्स आहे, चांगली आहे, फोन करते. तिनं मला विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. इथं लिहून ठेवते, चूक माझी होती. तुझ्यावर ढकलणार नाही.

तुला माफ कर म्हणून मायनं मला मरताना सांगितलं होतं. मी हो म्हटलं आणि केलं नाही. रागामुळं केलं नाही असं सगळ्यांना वाटतं. मी भीतीमुळं केलं नाही. तुला माफ केलं आणि हात थांबला तर? मग खायचं काय, आणि मी कोण? म्हणून तुला धरून ठेवलं, दर भादव्यात काढून वापरायला.

गेली दोन-तीन वर्षं तू नीट येत नव्हतास. बोलवलं तरी नुसता विहिरीवर बसलेला दिसायचास, पाठमोरा. मला धास्ती वाटायला लागली. काल एक जोडी रंगवायला होती. माझी नात, लेकीची पोर, समोर स्टुलावर बसून कॉलेजातलं काहीतरी सांगत होती, कोणत्या तरी बाईंनी वर्गात कोणाला कसं झापलं. मी हूं हूं करत ऐकत होते, मधे हसलेही. हसता हसता कुंचला खाली ठेवला आणि बघते तर चारही डोळे लिहून झालेले. सरळ, शांत, कुठं चढले नाहीत, कुठं उतरले नाहीत. मनगट मोकळं. मी तुला बोलवलंच नव्हतं. नात म्हणाली, "आजी, काय मस्त झाले!" मी म्हटलं, हो झाले. तिनं चहा केला, तो मी थंड होईपर्यंत हातात धरून बसले.

हे कागद मी कुठं पाठवणार नाही, कोणाला दाखवणारही नाही. जे काल कोणाला सांगता आलं नाही ते एवढंच. डोळे चांगले झाले, बा, मारावाचून झाले, आणि काल दिवसभर तुझ्यावाचून मला करमलं नाही.